पनवेलचा अर्धा तास

माझं डोकं फिरलं ते एका वाक्यावरून. "तुमच्या सणांची नावं हवी असतील तर स्वतः घालून पाठवा," असं त्या कॅलेंडरवाल्यांनी मला लिहिलं. पाठवते! घाबरते की काय?

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमच्या सणांची नावंही मराठी. नव्याचा सण, दारफाळणी, आणि वालाचं बिरडं करतात तो उपास, बिरड्याचा रोजा. पप्पा आणि त्यांचे दोन मित्र दरवर्षी ह्या सणांचं कॅलेंडर छापून घरोघर द्यायचे. मित्र इस्राएलला गेले आणि यंदा कॅलेंडर निघालंच नाही. "आता सगळे फोनवरच बघतात," असं म्हणून पप्पा भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले. मला ते बघवेना. फोनवरच्या फुकट ज्यू कॅलेंडरात जगभरच्या ज्यूंच्या रीती होत्या, नव्हत्या त्या फक्त आमच्या. तिथे नाव नसलं तर पुढच्या पोरांना ते कळणार कुठून?

त्या कॅलेंडरचा कोड सगळ्यांना खुला आहे. कुणीही सुधारून पाठवावा. पण आधी तो आपल्या लॅपटॉपवर चालवायचा, त्यांच्या सगळ्या टेस्ट पास करायच्या, मगच पुढचं बोलायचं. माझा लॅपटॉप जुना. एक इन्स्टॉल करावं तर दुसरं रुसतं, दुसऱ्याची समजूत काढावी तर पहिलं बिघडतं. तेही निस्तरलं. तरी सूर्यास्ताची एक टेस्ट लालच, म्हणजे नापास राहिली. कॅलेंडरवाल्यांना विचारलं तर उत्तर आलं, "माहितीच्या पानावर लिहिलंय. लॅपटॉपचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर लावा, पास होईल."

का म्हणून? पनवेलच्या खांदा कॉलनीत बसून मी ग्रीनिचचं घड्याळ लावू?

माझा चुलतभाऊ रुबेनदादा तिकडे इस्राएलमध्ये अश्दोदला कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याला फोन लावला, तर तोही तेच. "लाव ना गं गप. सगळे लावतात. नाहीतर मला पाठव, मी पाच मिनिटांत घालतो. आणि ते बिरडं वगैरे कुणाला कळणार? इंग्रजी नावं टाकू."

"वालाची सालं काढताना रडायचास, तेव्हा बरं कळत होतं," म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी पुन्हा त्या लाल टेस्टपुढे बसले. बघताबघता स्क्रीनवरच्या कॅलेंडरात आलं, शब्बाथ सुरू. शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला दिवा लावून सुरू होणारा आमचा विश्रांतीचा दिवस, त्यात आम्ही कॉम्प्युटरला हात लावत नाही. चरफडत झाकण मिटायला गेले, तर दिव्यात तेल घालता घालता पप्पा म्हणाले, "इतक्यात का गं?"

"शब्बाथ लागला ना."

"कुठे लागला? समोरच्या टाकीवर ऊन आहे अजून."

बघितलं तर खरंच होतं. पप्पांच्या फोनवरही शब्बाथ लागलेला. "मी त्याचं ऐकतच नाही," पप्पा म्हणाले. "दर शुक्रवारी अर्ध्या तासाची घाई असते त्याला."

"मग आधी बोलायचं नाही?"

"मला वाटलं आपलाच फोन खराब."

हेच! नेहमी आपलंच खराब! आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि हा प्रोग्रॅम वरचा अर्धा गिळून पाचच धरत होता. अश्दोदला अडत नाही, लंडनला अडत नाही, तिकडे पुरे तास. म्हणजे चूक त्यांची आणि घड्याळ बदलायचं आम्ही! हात शिवशिवत होते. त्यांनी गिळलेला तो अर्धा तास अजून माझ्या हातात होता.

"पप्पा, दिवा लावायला थांबा जरा!"

"मी थांबेन. सूर्याला सांग थांबायला."

चुकीची ओळ सापडली. बदलली. टेस्ट चालवली. हिरवी! तीही पनवेलच्या घड्याळावर. पप्पांनी काडी ओढली आणि मी लॅपटॉप मिटला.

शनिवारी शब्बाथ उतरल्यावर दुरुस्ती पाठवली. चार दिवस खल चालला, मग त्यांनी ती घेतली आणि ग्रीनिचवालं ते वाक्य पानावरून काढून टाकलं. लगेच मी सणांची नावं पाठवली. एकाने लिहिलं, बिरडं लोकांना समजणार नाही, सोपं नाव द्या. मी लिहिलं, "तुमची सगळी नावं मी विचारून विचारून शिकले. हे तुम्ही विचारा." मग नाव गेलं तसंच.

बिरड्याच्या रोजाच्या आदल्या आठवड्यात रुबेनदादाचा फोन आला. नेहमीचा तोरा नव्हता.

"मिखाल, पोरगी फोन घेऊन आली. बिरडं म्हणजे काय, विचारते. इथे वाल कुठे मिळतात गं?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पांनी माझ्या हातातला फोन हिसकावून घेतला.

"वालाचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी तिला फोन दे. मी सांगतो तिला."