वाघबारशीची सुट्टी

हर्षलानं बटण दाबलं आणि पहिला फोन वाजला तो इंदूबाईंच्या ॲप्रनच्या खिशात. पाठोपाठ ड्रेसिंगच्या खोलीत एक वाजला, औषधांच्या खिडकीमागे एक, बायकांच्या वॉर्डात आया तेजश्रीचा एक. पेशंट माना उंचावून बघायला लागले. खाटेवरच्या एका आजीबाईंनी तर "कोण गेलं?" असं विचारून पदर डोळ्यांना लावायची तयारीही केली. कोणी गेलं नव्हतं. कर्जत स्टेशनजवळच्या त्या लहानशा दवाखान्यात दिवाळीची ड्युटी लिस्ट लागली होती, आणि ती पहिल्यांदाच माणसानं लावली नव्हती.

"बघा ना बाई, काय आलंय," हर्षला म्हणाली. तिला खुर्चीवर बसवतच नव्हतं.

इंदूबाई म्हणजे दवाखान्याच्या इनचार्ज सिस्टर. मूळच्या खालापूरच्या. इतकी वर्षं ही लिस्ट त्या पेन्सिल आणि खोडरबर घेऊन करत आल्या होत्या. महिनाअखेर जवळ आली की लोक त्यांना न मागता चहा आणून देत. दिवाळीची लिस्ट म्हणजे तर नुसतं रणकंदन. कोणाची नणंद येणार असे, कोणाच्या नवऱ्याला तेवढीच एक सुट्टी असे. कोणी रडे, कोणी अबोला धरी, आणि तो अबोला तुळशीच्या लग्नापर्यंत सहज टिके.

हर्षला इथली स्टाफ नर्स. शाळेत गणिताच्या तासाला तिचं पोट दुखायचं, हे तिची आई अजून सांगते. पण मागच्या उन्हाळ्यात तिनं एका व्हिडिओत पाहिलं की ऑनलाइन शीटच्या पाठीमागे आपण चार ओळींच्या सूचना लिहून ठेवल्या, की ती शीट आपली आपण कामं करते. झालं. डब्याच्या सुट्टीत एका हातात पोळीची सुरळी आणि दुसरा हात लॅपटॉपवर, असं तिचं सुरू झालं. औषधाची मुदत संपत आली की शीटमधला तो चौकोन आपोआप लाल व्हावा, एवढी पहिली स्क्रिप्ट. तो चौकोन खरोखर लाल झाला तेव्हा तिला इतका आनंद झाला की सांगायला दुसरं कोणी सापडेना म्हणून तिनं तो वॉचमनला सांगितला. तो म्हणाला, "बरं हाय."

मग तिनं लिस्टला हात घातला. प्रत्येकाच्या फोनवर एक फॉर्म जाणार, दिवाळीत कुठला दिवस सुट्टी हवी ते विचारणार. उत्तरं शीटमध्ये पडणार. मागच्या वर्षी दिवाळीत जो जास्त राबला त्याला या वर्षी आधी द्यायचं, असा नियम. स्क्रिप्ट त्या नियमानं सगळ्यांना बसवणार, प्रत्येकाच्या नावाचं पान तयार करणार आणि ज्याचं त्याला मेल करणार. ना चहा, ना रडारड.

इंदूबाईंनी एकच अट घातली होती. "एकदा लिस्ट गेली की बदल नाय. एकीला दिला का सगळ्या रांगेत उभ्या राहतात. मग तुझं मशीन ठेव बाजूला, मी आपली पेन्सिल काढते."

आता त्या चष्मा कपाळावर चढवून आपलं पान वाचत होत्या. "मला पाडव्याला ड्युटी?"

"तुम्ही मागच्या पाडव्याला घरी होतात, बाई."

इंदूबाईंनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग हसल्या. "चांगलं हाय गं तुझं मशीन. लाच खात नाय."

हर्षलाला मिठीच मारावीशी वाटली, पण इनचार्जला मिठी मारायची पद्धत नव्हती.

तेवढ्यात धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन गोदामावशी आली. गोदा दवाखान्यातली सगळ्यात जुनी आया. कशेळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरांची वाडी आहे, तिथली. आठवडाभर कर्जतला खोलीवर राहायची, सुट्टीला वाडीवर जायची. बोलायची कमी. दिवाळीत कोणीच नसे तेव्हा गोदा असे, हे सगळ्यांनी इतकं धरून चाललेलं होतं की त्याबद्दल कोणी तिला कधी बरं म्हटलं नव्हतं.

म्हणूनच हर्षलाला तिचं पान दाखवायची सगळ्यात जास्त घाई होती. "मावशी, तुम्हाला काय मिळालंय माहितेय? भाऊबीज. सगळ्या त्याच दिवसासाठी टपल्या होत्या, पण नियमानं पहिला नंबर तुमचा. या वर्षी जा भावाला ओवाळायला."

गोदानं चादरी टेबलावर ठेवल्या. एकीची घडी विस्कटली होती, ती नीट केली.

"आनि वाघबारशीला?" तिनं विचारलं.

"वाघबारस म्हणजे?"

"तुमची वसुबारस."

हर्षलानं शीटवर बोट फिरवलं. "त्या दिवशी तुम्ही दुपारपाळीला आहात. दोन ते रात्री."

"बरं," म्हणून गोदा गठ्ठा उचलून गेली.

त्या 'बरं'मध्ये काहीतरी बरं नव्हतं, हे कळायला हर्षलाला डब्याच्या सुट्टीपर्यंत वेळ लागला. आनंदात माणूस जरा बहिरा होतो. गोदा मागच्या पायरीवर भाकरी खात बसली होती. हर्षला तिच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी, फॉर्म भरताना मग वाघबारस का नाही लिहिलीत?"

"नव्हतीच ना त्येच्यात." गोदानं तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. "धनतेरसपासून होतं. मी वर-खाली करून पायलं. कायतरी दाबल्याबिगर पुढं जाईना. मग शेवटचं व्हतं ते दाबलं."

शेवटची भाऊबीज होती. दिवसांची यादी हर्षलानंच कॅलेंडर बघून घातली होती, आणि वसुबारस तिच्या लेखी सुट्टीचा दिवसच नव्हता.

"वाघबारशीला वाडीवर काय असतं?"

"वाघोबाला खीर देतो आमी. रानाच्या कडंला हाय त्यो. गुरं सांभाळ म्हनून." गोदानं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "आनि या साली कमळ्याची काठी ठेवायची हाय."

"कमळ्या कोण?"

"माजा भाव. वाडीची गुरं त्यो राखायचा. सरावनात गेला. निजला तो उठलाच नाय."

हर्षलाच्या हातातली पोळी हातातच राहिली. श्रावणात गोदामावशीनं दोन दिवस रजा घेतली होती. "घरी काम हाय," एवढंच सांगून. आणि आज सकाळी आपण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिला भावाला ओवाळायला पाठवलं. हर्षलाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"काठीचं काय असतं, मावशी?" तिनं हळूच विचारलं.

"गुराखी मेला का त्याची काठी वाघबारशीला वाघोबाम्होरं ठेवायची. रगताच्या मानसानंच. आमच्या घरात आता मीच हाय. काठी ठेवली का तो सुटला. नाय ठेवली तर तो गुरांमागंच फिरतो, उनातानात. त्याची ड्युटी सुटत नाय गं."

"मग पुढच्या वर्षी..."

"आनि एक साल फिरवू त्याला?"

हर्षला तडक इंदूबाईंकडे गेली. इंदूबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ती दरसाली पॅसेजमधी मला सांगायची, 'बाई, वाघबारशीला मी नाय.' मग मी त्या दिवसाला पेन्सिलीनं गोल करून ठेवायची. बदल्यात ती सगळी दिवाळी काढायची. औंदा तू विचारणार म्हटल्यावर माझ्या ध्यानातूनच गेलं." मग त्यांचा आवाज कडक झाला. "पण बदल नाय होणार, हर्षला. तिचा केला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या येतील, कुणाची सासू आजारी, कुणाचं डोहाळजेवण. मीच बोललेय, माझ्या तोंडाला काय किंमत?"

"मी बदलत नाही. कोणी आपणहून बदललं तर?"

"म्हणजे कसं?"

कसं ते हर्षलालाही अजून माहीत नव्हतं. पण डोक्यात काहीतरी पेटलं होतं आणि आता ते लिहून काढल्याशिवाय राहवणार नव्हतं. दुपारी तिची ड्युटी संपली. ती औषधांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. एक नवा छोटा फॉर्म, अदलाबदलीचा. माझी ही पाळी कोणी घेईल का, बदल्यात माझी ही सुट्टी. दुसऱ्यानं होकार दाबला, मग पहिल्यानं दाबला, की स्क्रिप्टनं दोघांची पानं बदलायची आणि इनचार्जला कळवायचं. बाकी कोणाचा दिवस हलणार नाही. कोणाला कोणाकडे रडायला जायचं नाही. पहिल्यांदा चालवली तर लाल अक्षरात चूक आली. एक कंस बंद करायचा राहिला होता. तो बंद केला तर स्क्रिप्टनं इंदूबाईंची अदलाबदल इंदूबाईंशीच करून टाकली. हर्षला एकटीच मोठ्यानं हसली, आणि पुन्हा बसली. चहा गार झाला, त्यावर साय धरली. तिसऱ्या खेपेला सगळं सुतासारखं सरळ चाललं.

तिनं गोदाला बोलावलं. "मावशी, यात तुम्ही विचारायचं. मी नाही."

गोदानं हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'वाघबारस दुपारपाळी कोन घेल का. माजी भाऊबीज घ्या.' या वेळी फॉर्ममध्ये लिहायला मोकळी ओळ होती. मग तिनं अंगठ्यानं बटण दाबलं, जरा जोरातच.

दवाखान्यात पुन्हा फोन वाजले. आणि मग जे झालं ते हर्षलानं नंतर पुष्कळ जणांना सांगितलं. भाऊबीजेची सुट्टी मोकळी झालीय हे कळायचा अवकाश, होकारांवर होकार पडायला लागले. शीटमधल्या ओळी डोळ्यांदेखत वाढत होत्या. पहिली होती तेजश्री. तेजश्री तेव्हा बाथरूममध्ये होती असं म्हणतात, पण ती हे मान्य करत नाही. तिचे तीन भाऊ बदलापूरला असतात आणि गेल्या तीन भाऊबीजा तिनं इथे वॉर्डात काढल्या होत्या.

"आता तुम्ही 'हो' दाबा," हर्षला म्हणाली.

"नक्की ना गं? परत फिरत नाय ना हे?"

"नाही फिरत. माझा शब्द."

गोदानं दाबलं. तिचा फोन वाजला. तिनं नवं पान उघडून वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि फोन तसाच छातीशी धरून उभी राहिली. हर्षलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही.

इंदूबाई दारातून बघत होत्या. "लिस्ट बदलली, आन् मला कुणी काय मागितलंबी नाय," त्या म्हणाल्या. "पुढल्या टायमाला फॉर्ममधी दिवस तू लिवू नको. ज्याचा सण त्यालाच लिवू दे."

वाघबारशीला सकाळचा चहासुद्धा न घेता गोदा निघाली. कर्जतहून कशेळ्याची जीप, तिथून वरच्या रस्त्याची दुसरी, आणि पुढं चढ. घरी आढ्याला अडकवलेली कमळ्याची काठी तिनं काढली. काठी धरायच्या जागी गुळगुळीत झाली होती. वाडीतली माणसं खीर घेऊन रानाच्या कडेला गेली. वाघोबा कोरलेल्या लाकडी फळीला शेंदूर लावला, खीर दाखवली. मग सगळे मागे सरले आणि गोदा एकटी पुढं झाली. तिनं काठी आडवी ठेवली.

"सुटलास रं," ती म्हणाली. "आता बस निवांत."

काठी ठेवली त्या संध्याकाळी गुरांना कोणी हाक मारायची नाही, नाहीतर सुटलेला गुराखी हाकेसरशी मागं फिरतो, अशी वाडीची रीत होती. ऊन उतरलं तशी गुरं रानातून निघाली. पुढं मोरी गाय होती. पायवाट जिथं वाडीकडे वळते तिथं कमळ्या रोज हाळी द्यायचा. मोरी त्या वळणावर येऊन थांबली. तिच्यामागची गुरंही थांबली. तिनं मान मागं वळवून पाहिलं.

गोदाच्या गळ्यापर्यंत हाक आली होती. तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला आणि उभी राहिली.

बऱ्याच वेळानं मोरीनं कान हलवले आणि ती आपली आपण वाडीकडे उतरायला लागली. बाकीची गुरं तिच्या मागून गेली. शेवटच्या वासराच्या मागं कोणी नव्हतं.