चाखायची लाटी

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा रद्द केली. ब्लडप्रेशर खाली येत नव्हतं, साखरही हटत नव्हती. आता पुढच्या सोमवारी शेवटचं बघू, उशीर केला तर डोळे हाती लागायचे नाहीत, असं ते म्हणाले. घरात मीठ बंद केलंच नाही म्हणून बोलणी मला बसली. माझं डोकंच फिरलं. दोन महिने मी त्यांच्यासाठी अळणी वरण, अळणी भाजी वेगळ्या पातेल्यात करत होते. चहा बिनसाखरेचा. गुडघ्यांच्या गोळ्यांनी प्रेशर चढतं म्हणून त्या बंद, म्हणजे गुडघे चोळायलाही मीच.

एक्क्याण्णव सालचा चैत्र होता तो. पिंपळनेरकडच्या आमच्या गावात घरोघरी उडदाचे पापड चालले होते. धुळ्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बेबाबाईंकडे पापड लाटायला गेले, तर आत्याबाई माझ्या आधीच पाटावर हजर. कुटलेल्या पिठात मीठ आणि पापडखार बरोबर आहे का, हे सांगायला सगळं गाव त्यांनाच बोलवायचं. लग्न होऊन आल्यापासून मी हे बघत होते, डोक्यात प्रकाश मात्र आत्ता पडला. तेलात बुडवलेली पिठाची लाटी त्यांनी तोंडात टाकली. मग दुसरी, मग तिसरी. आणि अशी रोज दोन-तीन घरं.

घरी आल्यावर मी तडकले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी खास नही, चाखस." खात नाही, नुसतं चाखते, म्हणे!

"मग डोळे नकोत का तुम्हाला?"

"डोया गयात, गुडघा गयात. ही जीभ तेवढी ऱ्हायनी. ती बी डाक्टरले दी टाकू का?"

माझा राग काही जाईना. दुसऱ्या दिवशी कमलबाईंचं बोलावणं आलं, तेव्हा मी वाटी घेऊन आत्याबाईंच्या शेजारीच बसले. चाखा, पण गिळू नका, इथे थुंका, असं सगळ्यांदेखत सांगितलं.

बायकांची लाटणी थांबली. आत्याबाईंनी लाटी चघळली, हाताने वाटी चाचपली आणि तीत थुंकल्या.

"मीठ बराबर शे."

कमलबाईंनी मान डोलावली. मग हळूच चिमूटभर पीठ तोडून स्वतः चाखून पाहिलं. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

आत्याबाईंना ते दिसलं नाही. त्यांना मोतीबिंदू आहे याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.