फिकी अक्षरं

राजेश्वरला जाऊन सात महिने झाले, तरी मल्लम्मा रोज दुपारी आपल्या लेकाच्या खोलीत येऊन बसत. खाली नांदूरघाटच्या पेठेतलं घरचं कापडाचं दुकान, वर ही खोली. तिथं सून ईश्वरी त्याचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करत होती. पोरांनी मराठीतून प्रोग्राम लिहावेत म्हणून त्यानं एक सॉफ्टवेअर रचलं होतं. त्यातच खालच्या बाजूला टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची काळी चौकट. पहिलं अक्षर लिहिलं की पूर्वी दिलेली आज्ञा फिक्या रंगात आपोआप पुढं उमटे. आईची बोटं आखडतात म्हणून त्यानं केलेली ही सोय.

आता ईश्वरीनं 'चा' लिहिलं की 'चालव मल्लम्मा' उमटे. चाचणीच्या फायलींना तो आईचं नाव देई.

"जिता असताना हाक मारली तर तासभर हालायचा न्हाई," मल्लम्मा म्हणाल्या. "आता कावून एवढा पुढं पळतोय?"

"आत्या, हे सगळं आज पुसावं लागंल. उद्या शाळेच्या मशीनवर चढवायचंय. पोरं हसतील तुमच्या नावाला."

"बत्तीस वर्षं शिकवलंय मी त्या शाळेत. हसतेतच. राहू दे."

राजेश्वरला लिंगायतांच्या रीतीप्रमाणे मांडी घालून, बसवून माती दिली होती. कॉम्प्युटरपुढंही तो असाच मांडी घालून बसे. त्यामुळं तो गेलाय असं मल्लम्मांना वाटतच नसे. मातीखाली बसून अजून लिहितोय, असं वाटे.

"सरक, मी बघते," म्हणून त्यांनी कीबोर्ड ओढला. 'आण' लिहायचं होतं. 'आ' पडला आणि पुढं फिकी ओळ धावली:

'आई, तू जेवून घे. वाट बघू नको.'

ईश्वरीनं नोंद उघडून वेळ पाहिली. तो गेला त्याच दिवसाची, दुपारी एक वाजून दहा मिनिटांची.

त्या दिवशी मल्लम्मांनी दुकानातून त्याला मेसेज केला होता, जेवायला येतो का म्हणून. उत्तर आलं नाही. अर्ध्या तासानं तो जिना उतरून बीडला निघाला, तेव्हा त्यांनी रागानं मान वर केली नव्हती. संध्याकाळी घाटातून अपघाताचा फोन आला.

"चौकट चुकली ह्यांची," ईश्वरी हळूच म्हणाली. "मेसेजची चौकट शेजारीच उघडी असायची. घाईत इथंच लिहिलं."

त्या ओळीखाली मशीननं तेव्हाच उत्तर दिलं होतं: 'ही आज्ञा माहीत नाही.'

मल्लम्मांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

"पूस," त्या म्हणाल्या.

"आत्या, एवढी एक ओळ ठेवू का?"

"वाट बघू नको म्हणतोय त्यो. सगळं पूस."

ईश्वरीचं बोट उचलेना. शेवटी मल्लम्मांनीच कळ दाबली. मग पुन्हा एकदा 'आ' लिहून पाहिला. पुढं काहीच आलं नाही. नुसती उभी रेघ लुकलुकत होती, लिहिणारा क्षणभर थांबलाय अशी. खालून दुकानातल्या नाथानं दोनदा हाक मारली, तरी त्या उठल्या नाहीत.