टॅपेट गप्प झालं तेव्हा

मी एक जुनी मोटार आहे. खरं म्हणजे होते. आता माझ्या बॉनेटखाली इंजिन नाही, आणि इंजिनाशिवाय मोटार म्हणजे चाकांवर ठेवलेलं कपाट. पण मित्रांनो, आपली कहाणी सांगायला इंजिन लागत नाही, म्हणून सांगते.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत चालवणाऱ्या हंबीररावांनी मला नवीकोरी घरी आणली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडणं हे माझं आयुष्यातलं पहिलं काम. ते मी चोख केलं. पुढं तेवढी सोपी कामं मिळाली नाहीत.

माझ्या इंजिनात झडपा होत्या आणि त्या उघडायला वर लोखंडी बोटं होती. बोट आणि झडप यांच्यात लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी फट ठेवावी लागते, कारण लोखंड तापलं की फुगतं. त्या फटीमुळं बोट झडपेवर टिकटिक करतं. मेकॅनिक लोक त्याला टॅपेट वाजणं म्हणतात.

गल्लीच्या तोंडाशी माझी टिकटिक आली की हंबीररावांच्या मंडळी चहाचं आधण ठेवायच्या. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. मी दारात थांबायला आणि चहा उकळायला एकच गाठ पडायची. मला कधी हॉर्न वाजवावा लागला नाही.

वय झालं तशी फट वाढली आणि टिकटिकीची खटखट झाली. त्याच काळात हंबीररावांचे कान जाऊ लागले. मी जेवढी जास्त वाजले तेवढं त्यांना कमी ऐकू आलं. त्यामुळं त्यांच्या लेखी मी अजून शोरूममधलीच होते. असा सुखाचा संसार फार थोड्या मोटारींच्या वाट्याला येतो.

मग गेल्या वर्षी त्यांच्या लेकीनं, संयोगितानं, पुण्याहून कानाचं मशीन आणलं. हंबीररावांनी ते लावलं, माझ्यात बसले, चावी फिरवली आणि पांढरे पडले.

"ह्यात काय मेलंय?"

"काय मेल्यालं न्हाय," आक्का दारातून म्हणाल्या. "धा वर्सं असंच वाजतंय."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाय?"

"सांगितलं की. तुमास्नी ऐकू आलं न्हाय."

त्याच दिवशी मला उद्यमनगरात आकाराम मिस्त्रीकडं नेलं. आकारामनं वरचं झाकण काढलं, फटीत मापाची पट्टी घालून एकेक टॅपेट बसवलं. खटखट गेली, माझी जुनी टिकटिक परत आली. मला तर तरुण झाल्यासारखं वाटलं.

"अजून वाजतंय," हंबीरराव मशीनचा आवाज वाढवून म्हणाले.

"अण्णा, एवढं वाजायलाच पायजे. वाजतंय तवर जित्तं हाय. गप्प झालं की झडप जळती."

"जमत न्हाय म्हण की सरळ."

मित्रांनो, कोल्हापुरात माणसाला शिवी द्या, तो चहा पाजेल. पण 'जमत नाही' एवढं म्हणू नका. या दोन शब्दांवर इथं एकानं म्हैस तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर नेली आहे. ती अजून वरच आहे. दूध खाली येतं.

आकारामनं मापाची पट्टी खिशात घातली आणि पाना उचलला. सगळी फट बंद केली. मला ओरडायचं होतं, पण ओरडायची जागाच त्यानं बंद केली होती.

"बोला आता," तो म्हणाला.

"आत्ता कसं," हंबीरराव म्हणाले.

घरी पोचलो तर चहा नव्हता. आक्का बाहेर आल्या आणि दचकल्या. "कवा आलासा? चोरावानी?"

पौर्णिमेला आम्ही नृसिंहवाडीला निघालो. हंबीरराव वाटेत शेजारी बसलेल्या आक्कांना सारखं म्हणत होते, "ऐकतीस न्हवं? कायबी ऐकू येत न्हाय." आत माझ्या झडपा तापून फुगल्या होत्या आणि त्यांना पुरतं मिटायला जागा नव्हती. जाळ त्यांच्या कडा खात होता. शिरोळच्या अलीकडं, उसाच्या रानात मी थांबले. थांबतानाही आवाज केला नाही, वळणच तसं लागलं होतं. तालुक्यातल्या सगळ्यात गप्प मोटारीला मग सगळ्यात मोठ्यानं गाणी लावलेल्या उसाच्या ट्रॅक्टरनं ओढून आणलं. हंबीररावांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. ते पुन्हा कधी लावलं नाही.

आकारामनं इंजिन उघडलं. "जळल्यात. इंजिनाचं वरचं हेडबी तडकलंय," एवढंच म्हणाला आणि हात पुसत बसला. हात स्वच्छ झाले तरी पुसत बसला. माझे सुटे भाग आता कुठं मिळत नाहीत. इंजिन भंगारात गेलं. हंबीररावांना तसं सांगितलं, पण मशीन खिशात होतं. राहिलेली मी गडमुडशिंगीला सम्राट नावाच्या पोराच्या मिसळीच्या हॉटेलासमोर आले. लोक माझ्यावर रेलून फोटो काढतात आणि टपावर मिसळीचा तिखट रस्सा, म्हणजे कट, सांडतात. इंजिनाच्या जागी सम्राटनं स्पीकर बसवला आहे. दिवसभर मी गाते. त्यातला एक सूरही माझा नाही.

परवा हंबीरराव आणि आक्का आले. हंबीररावांनी माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला. खाली स्पीकर धडधडत होता. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, टॅपेट वाजाय लागलंय. आकारामनं फट ठेवली वाटतं."

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"व्हय, ठेवली की," त्या त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या. मग सम्राटकडं वळल्या. "एक चहा टाक बाबा. हे आल्यात."

मित्रांनो, तुमच्या घरात काही वाजत असेल, मोटार, पंखा, नाहीतर एखादं म्हातारं माणूस, तर त्याला एकदम गप्प करू नका. कागदाएवढी फट राहू द्या. हे मी तुम्हाला ओरडून सांगितलं असतं, पण स्पीकर चालू आहे.