कडेची बादली

मटिल्डामावशींनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, चष्मा पदराला पुसला आणि फोटोतल्या स्वतःकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

"ही गुडघे टेकून काय करतेय?"

"तुम्हीच की, मावशी." क्षितिजा हसली. "प्रार्थना."

वाडीला पाणी देणारी वटार गावची जुनी तळी, इथली बावखळं, एकेक करून बुजत चालली होती. चंदनसारहून येऊन क्षितिजा सहा महिने त्यांचे फोटो काढत होती. वर्षभर हेच काम करता यावं म्हणून तिनं एका संस्थेकडे अनुदानाचा अर्ज भरला होता. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. नाहीतर पुढच्या महिन्यापासून स्टुडिओत बसून लग्नाचे अल्बम. अर्जासोबत हवे होते दहा फोटो, प्रत्येकाखाली एक ओळ आणि संमतिपत्रावर फोटोतल्या माणसाची सही. आता एवढी एकच सही राहिली होती.

"खाली काय लिहिलंयस, वाच बघू."

"'भराव पडण्याच्या आदल्या संध्याकाळी बावखळासाठी प्रार्थना करणारी शेवटची राखणदार.'"

मावशींनी पेनाचं टोपण परत लावलं.

"राखणदार कुठली गो! भरावाच्या कागदावर माझीच सही आहे. कॉन्रॅडला घर बांधायचं होतं. पोटच्या पोराला नाही कसं म्हणू?"

क्षितिजाचा हात कळफलकावरच राहिला. सगळा अर्ज या एका फोटोवर उभा होता.

"मग त्या संध्याकाळी तुम्ही…"

"मासे काढत होते, टोपलीनं. वरून माती पडणार आणि खाली जीव! बादली दिसत नाही होय तुला?"

बादली नव्हती. क्षितिजानं मूळ फोटो उघडला. डाव्या कडेला निळी बादली होती, आणि काठाशी एक शेपटी. चौकट सुबक दिसावी म्हणून तिनंच ती कापून टाकली होती.

ती खुर्ची ओढून जवळ सरकली. घड्याळ तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

"कुठं सोडले मासे?"

"शेजारच्या केनीच्या विहिरीत. रोज पावाचा पहिला तुकडा त्यांना. तो टाकल्याशिवाय मी चहाला तोंड लावत नाही."

"रोज?"

"ताप असला तरी. केनी म्हणतो, माझ्या घरच्यांपेक्षा तुझे मासे जास्त खातात."

"ओळखतात तुम्हाला?"

"पावाला ओळखतात." मावशी हसल्या. मग त्यांची नजर खिडकीबाहेर, कॉन्रॅडच्या नव्या जोत्यावर गेली.

सहाला वीस मिनिटं होती. क्षितिजानं बादलीसकट फोटो लावला, जुनी ओळ पुसली आणि नवी लिहून हळू आवाजात वाचली.

"'मटिल्डा, स्वतःच बुजवायला दिलेल्या बावखळातले मासे काढताना.'"

मावशी खिडकीबाहेरच बघत राहिल्या. क्षितिजानं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तेवढ्यात पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज झाला.

"भरावाच्या त्या कागदावर न वाचताच सही केली होती मी," मावशी म्हणाल्या. "हे परत एकदा वाच."