झऱ्याची साक्ष

कानिशायचा लहानगा एर्मेक दुधाचा पेला धरायला गेला की हात पेला चुकवून बाजूने जायचा. दिव्यासमोर त्याच्या डाव्या डोळ्यात मांजरासारखी पांढरी चमक दिसायची. कानिशाय घाबरली नाही. लहानपणी तिच्याही डोळ्यात अशीच चमक होती, आणि ती गावाबाहेरच्या झऱ्याच्या पाण्याने गेली, असं तिची आपा, म्हणजे आई, उरकिया सांगे. ज्याचा आजार गेला त्याच्या हाताला गुण येतो, अशी त्या डोंगराकडची समजूत. म्हणून बाया आपली पोरं कानिशायकडे आणत आणि ती त्यांच्या डोळ्यांना झऱ्याचं पाणी लावी. यंदा हिवाळाभर तिने ते स्वतःच्या मुलाला लावलं. डोळा सुजला, तेव्हा मायलेकी त्याला घेऊन ओश शहरातल्या इस्पितळात गेल्या.

डॉक्टर सालियांनी मुलाबरोबर कानिशायचाही डोळा तपासला. आत जुना व्रण होता. ही चमक म्हणजे डोळ्यातली कर्करोगाची गाठ, ती क्वचित आपोआप वाळते, त्या म्हणाल्या, का ते नेमकं आम्हालाही ठाऊक नाही. पण दोष मुलांत उतरू शकतो. एर्मेकचा डोळा काढावा लागेल, नाहीतर जिवावर बेतेल. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का?

कानिशाय नाही म्हणाली. उरकियाने मान खाली घातली.

"हिच्या थोरल्या भावाला होतं."

भाऊ गोवराने गेला, असंच कानिशायने आजवर ऐकलं होतं.

"त्यालाही झऱ्यावर नेलं होतंस, आपा?"

"रोज नेत होते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"झऱ्याला बोल लागला असता, पोरी. तू बरी झालीस ना?"

"मी बरी झाले, म्हणून मला गावभर मिरवलंस. तो मेला, म्हणून त्याला लपवलंस. माझ्या हाताने किती पोरांचे डोळे घालवलेस गं, आपा!"



एर्मेकचा डोळा गेला, जीव वाचला. कानिशाय आईशी कामापुरतंच बोलू लागली. बर्फ वितळल्यावर शेजारीण तान्ह्या मुलीचा डोळा दाखवायला दारात आली, आणि कानिशायच्या आधी उरकियाच पुढे झाली.

"माझ्या तालायचे डोळे याच पाण्याने धुतले होते. तो गोवराने नाही, डोळ्याच्या गाठीने गेला. पाणी नको, बाई. ओशची गाडी धर."

इतक्या वर्षांत भावाचं नाव त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. कानिशायने आईला माफ केलं नाही. पण शाल उचलली आणि शेजारणीसोबत तीही निघाली.

बरा झालेला एक डोळा सारा गाव पाहतो. मिटलेले डोळे साक्षीला येत नाहीत. त्यांची साक्ष आपण द्यायची असते. आणि लेकराच्या डोळ्यात पांढरी चमक दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो.