आता विचारायचं कोणाला

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, जिथून नदीपलीकडे कॅनडा दिसतो, त्या गावातून क्लोडेट दैगल काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेली होती, तीही राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाकडून. त्यामुळे त्यांनी एका सहीनं मित्रदेशांच्या मालावर आयातशुल्क लावलं, तेव्हा ती गप्प बसली. आता सभागृहात विधेयक आलं होतं: मित्रदेशावर शुल्क लावायचं, तर आधी काँग्रेसची मंजुरी घ्यायची. पक्षाचा प्रतोद हाल्डेन तिला गाठून गोड हसत म्हणाला, "विरोधात मत द्या, बाई. पुढच्या खेपेला तिकीट हवंय ना?"

शनिवारी ती गावी आली, ती हाच भुंगा डोक्यात घेऊन.

चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव जेवायला जमलं होतं. प्लॉयला, म्हणजे तिथल्या धिरड्याला, ती लोणी लावत होती तोच ओनेझिम सिर समोर येऊन बसला. तो तिच्या वडिलांचा दोस्त. सीडर झाडाचे ओंडके ट्रकमधून नदीपलीकडच्या लाकूड गिरणीत पोचवायचा. गिरणीत त्यांच्या छपराच्या फळ्या होत आणि परत इकडे विकायला येत. फळ्यांवर शुल्क बसलं, गिरणीनं ओंडके घेणं थांबवलं.

"आपल्याच माणसाचे हात बांधायला निघालीस म्हणे?"

"अजून ठरलं नाही, काका."

"मला तर शुल्क मान्य आहे. बाहेरच्यांनी फार लुटलंय आपल्याला."

"ट्रक दारात गंजतोय, आणि म्हणे मान्य आहे!" त्याची बायको रोझान पलीकडून म्हणाली. हॉल हसला. ओनेझिम लाल झाला, पण हटला नाही.

"क्लोडेट, वसंतात ट्रक थांबला म्हणून मी तुझ्या ऑफिसात आलो, तेव्हा तू म्हणालीस, माझ्या हातात काही नाही. खरं होतं ते?"

कर लावायचा अधिकार राज्यघटनेनं काँग्रेसला दिलेला. आधीच्या सदस्यांनी संकटाच्या नावाखाली तो थोडाथोडा राष्ट्राध्यक्षांना देऊन टाकलेला.

"खरं होतं," ती म्हणाली. "आणि माझ्या सोयीचंही."

"आणि हे विधेयक झालं तर?"

"तर दर वेळी मला हो किंवा नाही म्हणावं लागेल. सगळ्यांदेखत."

"आणि मला पटलं नाही तर?"

"माझी गचांडी धरा."

ओनेझिमनं लोणी तिच्याकडे सरकवलं. "व्हाइट हाउस लांब पडतं बाई. तुझं घर मला ठाऊक आहे. दे जा मत."

बुधवारी मतदान झालं. क्लोडेटनं 'होय'चं बटण दाबलं. तिच्याच पक्षातले दोघं फलकावर तिचं नाव दिसेपर्यंत थांबले होते. मग त्यांनीही 'होय' दाबलं. विधेयक थोडक्या मतांनी मंजूर झालं. हाल्डेननं तोंड फिरवलं. अजून वरचं सभागृह, सिनेट, होतं, राष्ट्राध्यक्षांची सही होती. पुढची वाट सोपी नाही, हे तिला ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये तिला कोट काढायलाही कुणी सवड दिली नाही.

"लाकडावरचं शुल्क काढाच," रोझान म्हणाली.

"लाकूड सोड," ओनेझिम म्हणाला, "पण त्यांच्या बटाट्यावर लाव चांगलं! माझ्या भावाचं शेत आहे."

"म्हणजे तुझं ते लाकूड, आणि दुसऱ्याचा तो बटाटा?" गावचा पाववाला कडाडला, आणि सगळेच एकदम बोलू लागले.

क्लोडेटनं खुर्ची ओढली. "एकेक करून बोला," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.